पीक कधी येतं?

'क्षमता' या शब्दाची मला लहानपणापासून धास्ती आहे. चौथीत असताना माझ्या प्रगतिपुस्तकावर गुरुजींनी 'क्षमता आहे, पण वापरत नाही' असा शेरा मारला होता. सातवीतल्या गुरुजींनी 'वापरतो, पण क्षमता नाही' असा मारला. वडिलांनी दोन्ही वेळा मलाच मारलं. या दोन शेऱ्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत माझं उरलेलं आयुष्य कसंबसं बसलं, आणि जव्हारच्या एका पतसंस्थेत हिशेबनीस होऊन मी या शब्दाच्या तावडीतून सुटलो, असं मला वाटत होतं. पण शब्दांनासुद्धा पत्ता सापडतो.

आमच्याकडे क्षमतेची व्याख्या तशी फार वेगळी आहे. जव्हारहून मोखाड्याला जाणारी काळी-पिवळी जीप तुम्ही पाहिली नसेल तर तुम्हाला क्षमता म्हणजे काय ते समजलेलंच नाही. एस.टी.मध्ये बसणारे किती आणि उभे राहणारे किती ते पत्र्यावर रंगवून ठेवलेलं असतं. जीपमध्ये तो ड्रायव्हरच्या स्वभावाचा प्रश्न असतो. स्वतः ड्रायव्हर निम्मा दाराबाहेर बसून गाडी चालवत असतो आणि तरीही वाटेत कुणी हात केला की "या की, दोघं आरामात बसतील" म्हणतो. यातला 'आरामात' हा शब्द मी गेली पंचवीस वर्षं शोधतो आहे.

आणि हे आजचं नाही, मातीतलंच आहे. जव्हार संस्थान १३४३ सालचं. त्याच्या मूळ पुरुषाबद्दल इथे एक दंतकथा सांगतात. त्याने म्हणे बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. देणारा हसून हो म्हणाला. मग या पठ्ठ्याने त्या कातड्याच्या बारीक-बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि त्यांनी भला मोठा मुलूख वेढून घेतला! उपलब्ध साधनसामग्रीचा एवढा कसून वापर पुढे कुठल्याही संगणक कंपनीला जमलेला नाही.

तर अशा या परंपरेच्या गावी आमची पतसंस्था. मुख्य कचेरी जव्हारला, एक शाखा मोखाड्याला. संगणक आले तेव्हा त्यातला मुख्य, ज्याला सर्व्हर म्हणतात तो, ठेवायला जागा नव्हती. इमारत जुन्या वाड्याची, म्हणून त्याची स्थापना जुन्या न्हाणीघरात झाली. मोरी बुजवली, पण पावसाळ्यात तिला आपले जुने दिवस आठवत. आमचे शिपाईमामा आपली भिजलेली छत्री वाळवायला सर्व्हरवर टाकत, कारण कचेरीत तेवढीच एक उबदार जागा होती. या सगळ्याचा प्रमुख मी. माझी पात्रता एवढीच, की एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी आमच्या हिच्या विणकामाच्या सुईने बाहेर काढला होता. त्या दिवसापासून चेअरमन अण्णा मला 'आमचे कॉम्प्युटरवाले' म्हणू लागले. पगार हिशेबनिसाचाच राहिला.

सगळं झालं ते २०२२ सालच्या होळीला.

आमच्या भागात भातकापणी झाली, दिवाळी झाली, की पाडेच्या पाडे ओस पडतात. माणसं वीटभट्ट्यांवर जातात, कुणी वसई-भिवंडीकडे, कुणी आणखी लांब. होळीला मात्र चार दिवस सगळे घरी येतात. दिवाळी चुकेल पण होळी चुकायची नाही. येताना गाठीला चार पैसे असतात, कुणाला ते ठेवायचे असतात, कुणाला आधी ठेवलेले काढायचे असतात. त्या दिवशी मोखाड्याच्या शाखेत मी तपासणीसाठी गेलो होतो. साडेदहाला रांग ओट्यावर होती. अकराला ती रस्त्यावर गेली. सव्वाअकराला पडद्यावर एक छोटंसं चाक फिरू लागलं, आणि ते फिरतच राहिलं.

रांगेत एक आजी होती. बरोबर सात-आठ वर्षांची नात. पाड्यावरून सकाळी चालत निघाली होती. मुलाने भट्टीवरून आल्यावर मागच्या वर्षी ठेवलेले तीन हजार रुपये तिच्या खात्यात होते, ते काढायचे होते. नातीला दुसऱ्या दिवशी नाशिकला दवाखान्यात न्यायचं होतं, डॉक्टरांनी तारीख दिली होती. पैसे तिचे, तिजोरी समोर, कॅशियर तिला नावाने ओळखणारा. पूर्वीचं खातेवही-युग असतं तर पाच मिनिटांचं काम. पण चाक फिरत होतं. मी जव्हारला फोन लावला. मामा म्हणाले, "इथंबी तसंच हाय साहेब. छत्री काढून बघू का?"

चाक थांबलं तेव्हा संध्याकाळचे पावणेसात झाले होते. कॅश बंद झाली होती, शेवटची जीप गेली होती. आजीने काही आरडाओरडा केला नाही. ओट्यावर पदर अंथरला, नातीला निजवलं आणि मला विचारलं, "यंत्र दमलं का रं बाबा?"

याला काय उत्तर द्यायचं ते मला अजूनही सुचलेलं नाही. शाखेतल्या कॅशियरच्या बायकोने त्यांना घरी नेलं, जेवू घातलं. पहाटे मी खिशातले होते तेवढे पैसे दिले आणि दोघींना नाशिकच्या गाडीत बसवलं. हिने नंतर विचारलं, "एवढे पैसे कुठे गेले?" मी म्हटलं, "यंत्रदुरुस्ती."

ही हकीकत मी संचालक मंडळाच्या बैठकीत सांगितली. अण्णा मनाने चांगले, गहिवरले. पण राजकारणातल्या माणसाचा गहिवर खरेदीत उतरतो. आठवड्यात ठराव झाला आणि महिन्यात नवा सर्व्हर आला. जुन्याच्या आठपट स्मरणशक्तीचा. त्याची पूजा झाली, नारळ फुटला, नारळाचं पाणी सर्व्हरवर पडता-पडता मामांनी अडवलं. अक्षय्य तृतीया गेली, जूनचा पहिला पाऊस आला, बियाणं आणि पोरांची दप्तरं यांसाठी पैसे काढायला माणसं आली, आणि सव्वाअकराला ते चाक पुन्हा फिरू लागलं. आता ते जास्त रेखीव दिसत होतं, एवढाच फरक.

मग पुण्याहून तज्ज्ञ आले. तरुण, गोरेगोमटे. घाटात उलटी झाल्यामुळे पहिल्या दिवशी फक्त लिंबू-सरबतावर होते. ते म्हणाले, "तुमच्या संस्थेच्या क्षमता व्यवस्थापनाचं मूल्यमापन करावं लागेल." मला चौथीतले आणि सातवीतले दोन्ही गुरुजी एकदम आठवले.

पण माणूस हुशार होता. त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली. सर्व्हर किती टक्के वापरला जातो? माहीत नाही. लाइन किती टक्के भरलेली असते? माहीत नाही. पुढच्या वर्षी खातेदार किती वाढतील? अण्णांना विचारावं लागेल, निवडणुकीवर अवलंबून आहे. नवा सर्व्हर कशाच्या आधारावर घेतला? गहिवराच्या. ते सगळं लिहून घेत होते. शेवटी त्यांनी कचेरीतल्या सर्वांना बसवून विचारलं,

"तुमच्याकडे पीक कधी येतं?"

कोणी काही बोललं नाही. मामा चहा घेऊन आले होते, त्यांना वाटलं हा आपल्याच खात्यातला प्रश्न. म्हणाले, "दसऱ्याला हळवं, दिवाळीच्या अंगाला गरवं. नागली-वरई डोंगरावरची तिच्या हिशेबाने येती."

तज्ज्ञ म्हणाले, "नाही, नाही. पीक लोड."

"लोड म्हणजे वझं ना? पिकाचं वझं दिवाळीपातूर डोक्यावरनंच आणतात, साहेब. बैलगाडी सगळीकडं जात नाही."

आम्ही सगळे हसलो. मामांना आपलं काय चुकलं ते कळेना. मलाही तेव्हा कळलं नव्हतं, की त्या खोलीत बरोबर उत्तर देणारा माणूस एकटा तोच होता.

चौऱ्याऐंशी पानांचा अहवाल आला. त्यात संस्थांच्या परिपक्वतेच्या पाच पायऱ्या होत्या. 'आमची पायरी पहिली' असं ठळक अक्षरात लिहिलं होतं. अण्णांनी तेवढंच वाचलं. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला: 'संगणक क्षमतेत आपली संस्था पहिली! हार्दिक अभिनंदन!' खाली अण्णांचा फोटो, त्याखाली संचालक मंडळाचे, आणि अगदी कोपऱ्यात, मतदारयादीतला वाटावा असा, माझा. पहिली पायरी म्हणजे सर्वांत खालची, जिथे सगळं रामभरोसे चालतं ती, हे अण्णांना सांगण्याचं काम मंडळाने एकमताने माझ्यावर सोपवलं. मी अजून सांगितलेलं नाही. फ्लेक्स पावसात गेला.

अहवाल मी मात्र घरी नेऊन वाचला. दुसरं काही वाचायला नव्हतं म्हणून सुरुवात केली, पण खरं सांगतो, मजा आली. त्यात रांगेचं गणित होतं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा एक डॅनिश गृहस्थ होता. फोन जोडून मिळायला लोकांना किती वेळ ताटकळावं लागतं याचा त्याने पिच्छा पुरवला आणि १९०९ साली त्यावर निबंध लिहिला. त्याच्या घराण्यातलं हे गणित. समजा खिडकीवर एका माणसाला सरासरी तीन मिनिटं लागतात आणि माणसं आपल्याकडे येतात तशी, म्हणजे वाटेल तेव्हा, येतात. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल तर रांगेत सरासरी तीनच मिनिटं उभं राहावं लागतं. ऐंशी टक्के गुंतलेली असेल तर बारा. नव्वद टक्के असेल तर सत्तावीस. आणि पंच्याण्णव टक्के असेल तर सत्तावन्न मिनिटं! म्हणजे नव्वदावरून पंच्याण्णवावर जाताना काम जेमतेम वाढतं आणि रांग दुप्पट होते. शंभराला काय होतं ते पुस्तकात लिहिलेलं नाही. 'अनंत' असं एक आडवं आठचं चिन्ह असतं. आजीने मात्र ते ओट्यावर झोपून पाहिलं होतं.

मी हे हिला समजावून सांगू लागलो. ती कुकर लावत होती. म्हणाली, "यात नवीन काय? कुकर कधी गळ्यापर्यंत भरतात का? वरचा तिसरा हिस्सा मोकळा ठेवायचा असतो." मी अहवाल मिटला. ज्या वाक्यासाठी संस्थेने पुण्याला पैसे मोजले होते ते आमच्या स्वयंपाकघरात रोज शिट्टी वाजवून सांगितलं जात होतं.

खरी पंचाईत पुढे होती. अहवालात सल्ला होता, की मागच्या दोन-तीन वर्षांची आकडेवारी काढा, गर्दी कधी वाढते ते पाहा आणि त्यावरून पुढचा अंदाज बांधा. आकडेवारी कुठून आणायची? आमचा सर्व्हर सात दिवसांपलीकडचं काही लक्षात ठेवत नव्हता. एवढी आठपट स्मरणशक्ती घेऊन! मी मामांपाशी कुरकुरलो. मामा म्हणाले, "गर्दीचं आकडं पायजेत ना? मग चहावाल्याची वही बघा की."

वाचकहो, मी त्या वहीपुढे आजही हात जोडतो. समोरच्या टपरीवाल्याने आमच्या कचेरीत गेलेला प्रत्येक कप तारखेसकट लिहिलेला होता, कारण आमची उधारी महिन्याची. रांग वाढली की आतल्यांना चहा प्यायला फुरसत नसते आणि बाहेर ताटकळणारी माणसं टपरीवर जातात. म्हणजे ज्या दिवशी आमचे कप निम्म्यावर आले आणि गल्ला दुप्पट झाला, तो गर्दीचा दिवस. तीन वर्षांच्या वह्या निघाल्या. मी आणि मामांनी बसून त्या कालनिर्णयच्या पानांवर चढवल्या. होळीच्या आधीचे चार दिवस. जूनचा पहिला पंधरवडा. दसऱ्यानंतर भात विकून हातात पैसा येतो तेव्हा. दिवाळीनंतर, भट्टीवर निघण्याआधी. आणि दर आठवड्याचा बाजाराचा दिवस. तज्ज्ञांच्या आलेखात जी शिखरं 'कारण अज्ञात' म्हणून सोडली होती त्या प्रत्येकावर मामा बोट ठेवून पिकाचं नाव सांगत होते. पीक कधी येतं, या प्रश्नाला त्यांनी पहिल्याच दिवशी उत्तर दिलं होतं.

मामांच्या घरी कणगी आहे. कारवीची, शेणाने सारवलेली. मी त्यांना विचारलं, "यात किती मावतं?" ते म्हणाले, "मावतं किती ते कशाला? पुरतं कुठवर ते विचारा. आमची आई वरनं हात घालायची. कोपरापर्यंत गेला की म्हणायची, आता दोन वेळच्याला एक वेळ करा, नाहीतर आषाढात तळ लागंल." कोपर! तज्ज्ञांच्या भाषेत त्याला 'इशारा मर्यादा' म्हणतात आणि त्यासाठी वेगळी प्रणाली विकत मिळते.

आमच्या मुलखात ही साठवणुकीची गोष्ट थट्टेची नाही. इथे पाऊस असा कोसळतो की छत्री हा केवळ शिष्टाचार उरतो. आणि एप्रिल-मेमध्ये त्याच मोखाड्यात टँकरची वाट पाहत हंडे रांगेत उभे असतात. मुंबईला दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यातलं. पाणी भरपूर आहे, ते कोणाच्या कणगीत जातं एवढाच प्रश्न. मी हिशेबनीस माणूस, यापुढे बोलत नाही.

तर सांगत होतो सुधारणेचं. वहीवरून गर्दीची वेळ कळली, मग त्या वेळी सर्व्हरच्या पोटात काय चालतं ते मी दोन आठवडे घड्याळ लावून पाहिलं. सर्व्हर स्वतः बिचारा अकरा टक्के गुंतलेला! बाकी वेळ माझ्या चौथीच्या शेऱ्याप्रमाणे बसून. गळ्यापर्यंत भरली होती ती जव्हार-मोखाड्याची लाइन. पाणी येत नाही म्हणून आम्ही मोठी टाकी बसवली होती, आणि नळाची नळी जुनी तेवढीच होती. त्या नळीतून खातेदारांचे व्यवहार जात होते, बरोबर कॅमेऱ्यांची चित्रं जात होती, आणि बरोबर अकरा वाजता सगळ्या दप्तराची नक्कल जाऊ लागत होती. ही अकराची वेळ कोणी ठरवली? मीच. संगणक बसवणाऱ्याने विचारलं होतं, "बॅकअप किती वाजता घेऊ?" मी म्हटलं होतं, "अकराला घ्या, तेव्हा मी जागेवर असतो."

शिवाय दर तासाला एक अहवाल निघत असे. तो पहिल्यापासूनची सगळी खाती वाचून काढी आणि अण्णांच्या टेबलावर छापून येई. अण्णा तो वाचत असतील अशी सर्वांची समजूत होती. मी भीत-भीत विचारलं. अण्णा म्हणाले, "तो होय? पाठ कोरी असते, नातू गणितं करतो."

नक्कल रात्री दोनला नेली. कॅमेऱ्यांची चित्रं शाखेतच साठवू लागलो. नातवाला वह्या घेऊन दिल्या, संस्थेच्या स्टेशनरी खात्यातून, ठरावासह. छत्रीसाठी खुंटी ठोकली. गर्दीच्या दिवसांच्या आधी लाइन महिन्यापुरती वाढवून घ्यायची, असं कालनिर्णयवर लाल शाईने लिहिलं. एकूण खर्च नव्या सर्व्हरच्या पूजेपेक्षा कमी. चाक थांबलं. मग लक्षात आलं की आता पासबुक छापणारा प्रिंटर रांग अडवतोय, तो एका पासबुकाला दोन मिनिटं कुरकुरतो. दुसरा आणला. मग कळलं की आता कॅशियर अडवतोय, तो सव्वाअकराला चहाला जातो. त्याला विणकामाची सुई चालत नाही. तो प्रश्न मंडळापुढे प्रलंबित आहे.

२०२३ च्या होळीला मी मुद्दाम मोखाड्याला गेलो. रांग होती, पण ओट्याच्या आत. ती आजी आली. नात बरोबर होती, वर्षात चांगली उंच झाली होती. नाशिकला त्या दिवशी डॉक्टर भेटले होते, औषध चाललं होतं. दहा मिनिटांत पैसे तिच्या हातात पडले. तिने ते दोनदा मोजले, पदराला गाठ मारली आणि खिडकीतून आत डोकावून पडद्याकडे बघत म्हणाली, "आज दमलं नाही?"

"नाही, आजी."

तरी ती जाईना. ओट्यावर गेल्या वर्षीच्याच जागी पदर अंथरून बसली, फडक्यातली भाकरी सोडली. मी घाबरून बाहेर गेलो. म्हटलं, "आजी, काम झालं ना? मग का बसलात?"

"काम झालं रं. जीप कुठं भरलीया अजून?"

जीप समोर उभी होती. आत चौदा माणसं, टपावर दोन, आणि ड्रायव्हर खाली उतरून ओरडत होता, "चला, चला, मोकळीच आहे!"